चाळीस जीबीचे तीन वाटे

“अर्ध्या तासाचं काम आहे पप्पा! अर्धा कसला, वीस मिनिटं धरा!”

असं म्हणून जिनेशने एम-एटी गाडीला किक मारली. पहिल्या किकला ती चालू झाली नाही, दुसऱ्या किकलाही नाही. शेवटी दुकानापासून एसटी स्टँडपर्यंत ढकलत नेल्यावर ती कशीबशी खोकली. शहाण्या माणसाने तिथेच ओळखलं असतं की आजचा दिवस काही आपला नाही. पण जिनेशची गाडी बंद पडली तरी तोंड कधी बंद पडत नसे!

गोष्ट दोन हजार चार सालची. ओतूरच्या पेठेत माणिकचंद शेठांचं कापडाचं दुकान. घर मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या ओतूरचं पाणी प्यायलेलं. डिंगोऱ्यापासून मढपर्यंतच्या गावांतली लग्नं याच दुकानातल्या लुगड्यांवर लागलेली. अशा दुकानाचा एकुलता एक वारस म्हणजे जिनेश, आणि या वारसाला साडी बघितली की अंगावर काटा यायचा! साडी उलगडायची, खांद्यावर टाकून दाखवायची, “हिच्यात मोरपंखी न्हाई का?” हे ऐकायचं, मोरपंखी उलगडायची, “मगाचीच बरी व्हती” हे ऐकायचं, आणि मग सगळ्यांच्या घड्या घालायच्या. या जन्मात आपण साडीची घडी घालणार नाही, असा त्याने निश्चयच केला होता.

म्हणून तो पुण्याला जाऊन तीन महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स करून आला. दुकानातच जिन्याखाली एक टेबल मांडलं, वर पाटी लावली, ‘जिनेश कॉम्प्युटर्स. सर्व कामे खात्रीशीर.’ दोन महिने झाले. दोन महिन्यांत आलेलं एकमेव काम म्हणजे एका मास्तरांचा कीबोर्ड. तो त्याने उलटा करून झटकला, त्यातून मूठभर चिवडा पडला आणि कीबोर्ड चालू झाला.

माणिकचंद शेठ ओरडणारे बाप नव्हते. त्यांनी गादीवर बसल्या बसल्या शांतपणे अट घातली.

“जिनू, मी तुला अडवत नाही. पण दुकान जाहिरातीवर चालत नाही, गिऱ्हाइकाच्या तोंडावर चालतं. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत एक, फक्त एक गिऱ्हाईक इथं गादीशी येऊन मला आपणहून म्हणालं पाहिजे, ‘शेठ, काम चांगलं केलं.’ म्हणालं तर तुझं टेबल राहील. नाही म्हणालं, तर दुसऱ्या दिवशी टेबल माळ्यावर आणि तू साड्यांवर.”

“एक काय, दहा आणतो!” जिनेश म्हणाला.

आणि त्याच दुपारी देव पावला! डिंगोऱ्याच्या कुंडलिकभाऊंचा फोन आला. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बंद पडली होती. नवी चाळीस जीबीची त्यांनी पुण्याहून आणवली होती. ती बसवून त्यात नवं विंडोज टाकायचं होतं.

वीस मिनिटांचं काम!

---

डिंगोऱ्यात कुंडलिकभाऊंच्या ओसरीवर जिनेशचं स्वागत जावयासारखं झालं. चहा झाला, शेंगदाण्याचा लाडू झाला. जिनेशने कॉम्प्युटरच्या खोक्याचे स्क्रू काढले, तेव्हा ओसरीवर सगळं घर गोळा झालं. मधोमध सतरंजीवर घरातली मुख्य माणसं. थोरले कुंडलिकभाऊ, उंच, शांत, बोलण्याआधी मिशीवरून हात फिरवणारे. धाकटे सावळेराम, दहावी पास, आणि ते दर दहा मिनिटांनी आठवण करून देणारे. आणि दोघांची आई, ठकूबाई. वय सत्तरच्या पुढे, पण नजर अशी की दाण्यातला खडा ओसरीवरून दिसावा!

दोन भावांची शेती आठ वर्षांपूर्वी वाटली गेली होती. घरं लागूनच, चुली वेगळ्या. पण आठ वर्षांत बांधावरून एक वावगा शब्द नाही. तालुक्यात लोक उदाहरण द्यायचे. कॉम्प्युटरही दोघांनी मिळून घेतलेला, कुंडलिकभाऊंच्या ओसरीवर ठेवलेला.

जिनेशने नवी डिस्क बसवली, सीडी घातली. पडदा निळा झाला.

“आता बघा,” जिनेश हात चोळत म्हणाला, “आधी पार्टिशन पाडायचं.”

“म्हंजी?” कुंडलिकभाऊंनी विचारलं.

इथे जिनेशने सरळ “असतं ते तसं” म्हणून बटणं दाबली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण समोर अख्खं घर बसलेलं, पोटात शेंगदाण्याचा लाडू, आणि कोर्सच्या सरांनी सांगितलेलं, ‘गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत समजावून सांगा.’ जिनेशला स्फुरण चढलं!

“सोपं आहे! समजा, ही डिस्क म्हणजे तुमचं रान. सगळं एकच एक ठेवलं तर गोंधळ होतो. म्हणून त्याचे वाटे पाडायचे. मधे बांध घालायचा. ह्याचं त्यात जात नाही, त्याचं ह्यात येत नाही. एका वाट्यात कीड पडली तरी दुसरा शाबूत!”

काय सुरेख उदाहरण! जिनेश स्वतःवरच खूश झाला. ओसरीवर मात्र सावळेराम मांडी मोडून ताठ बसले. ठकूबाईंनी पदर सावरला. कुंडलिकभाऊ मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “वाटपच म्हना की! मंग रीतीनं करू. आई, बस म्होरं.”

“रीतीनं म्हणजे?” आता विचारायची पाळी जिनेशची होती.

“थोरल्यानं वाटं पाडायचं,” ठकूबाई म्हणाल्या, “आन् धाकल्यानं आधी उचलायचा. म्हंजी थोरला लबाडी करीत न्हाई आन् धाकल्याला बोलाया जागा ऱ्हात न्हाई. आमच्यात असंच असतं.”

जिनेशला हे भलतंच आवडलं. गिऱ्हाईक रमलंय! तो म्हणाला, “बेस्ट! किती वाटे करू?”

“तीन,” ठकूबाई म्हणाल्या. “दोन पोरांचं, एक आईचा. आईचा वाटा ठेवावा लागतो.”

कुंडलिकभाऊ चष्मा लावून पडद्याशी वाकले. तिथे एकूण जागा लिहिलेली होती. त्यांनी आकडा वाचला आणि सावकाश जिनेशकडे वळले.

“शेठ, चाळीस म्हनून आनला व्हता. हितं तर आडतीस दावतंय!”

चाळीसची डिस्क अडतीस का दाखवते, हे कोर्समध्ये एका सोमवारी शिकवलं होतं, आणि त्या सोमवारी जिनेशची गावाकडून परत जायची एसटी चुकली होती!

“ते... आतल्या आत... थोडी जागा... म्हणजे असते, पण...”

“पोटखराबा!” ठकूबाई एकदम म्हणाल्या. “सातबाऱ्यावर येक असतंय, कसायला कमीच मिळतं. कातळ, वघळ, वाट. हितं बी असंल की!”

“अगदी बरोबर!” जिनेश ओरडला. “पोटखराबाच तो!”

मग मोजणी सुरू झाली. कुंडलिकभाऊंनी कागदावर तीनदा भागाकार केला, सावळेरामांनी तो तपासला. तीन समान वाटे पडले. शेवटी यादीच्या तळाला आठ एमबीची एक चिमूटभर जागा उरलेली दिसत राहिली.

“आन् ही?” सावळेरामांनी बोट ठेवलं.

“बांध!” ठकूबाई म्हणाल्या. जिनेशने मान डोलावली. आता तो म्हातारीच्या मागोमाग चालला होता.

“हां धाकल्या, उचल!” कुंडलिकभाऊ म्हणाले.

पडद्यावर सी, डी आणि ई. सावळेरामांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि पहिल्यावरच बोट ठेवलं. “ह्यो! सगळ्यात वरचा. रस्त्याला लागून असावा.”

जिनेश किंचित चाचरला. “सी ना? त्याच्यात विंडोज टाकायचंय...”

“टाका की! माजी काय हरकत?” सावळेराम उदारपणे म्हणाले. विंडोज म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. असेल एखादं पाहुण्यासारखं, येईल आणि जाईल.

डी कुंडलिकभाऊंना गेला, ई ठकूबाईंना. “माजा पडीक राहू द्या,” त्या म्हणाल्या, “लागंल तवा बगू.”

वीस मिनिटांचं काम संध्याकाळी साडेपाचला संपलं. निघताना कुंडलिकभाऊ म्हणाले, “बाजाराला येतो तवा शेठला सोता सांगतो. लई रीतीनं काम केलं पोरानं.”

जिनेश तरंगत ओतूरला आला. घरी आल्या आल्या त्याने आईला, गुलाबबाईंना, सांगून टाकलं, “आई, टेबल पक्कं!”

---

आता सावळेरामांची एक सवय सांगितली पाहिजे. आपल्या रानात रोज संध्याकाळी एक फेरी मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. काही करायचं नसे. नुसतं बांधाने चालायचं, कोणाचं जनावर शिरलंय का बघायचं आणि परत यायचं. नवा वाटा मिळाल्यावर ते तिथेही फेरी मारू लागले. संध्याकाळी भावाच्या ओसरीवर यायचं, माऊस हातात घ्यायचा, सी उघडायचा, बघायचं आणि बंद करायचा.

पहिल्याच दिवशी त्यांना दिसलं की आपल्या वाट्यात कोणाचं तरी सामान पडलंय! पिवळ्या पिवळ्या पेट्या, वर इंग्रजी नावं. दादांचा डी उघडून बघितला, तो लख्ख मोकळा. आईचा ई, तोही मोकळा. आणि आपल्याच वाट्यात हा सगळा पसारा! एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पसारा तिथंच. तिसऱ्या दिवशी, म्हणजे बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी, त्यांनी ओतूरला फोन लावला.

फोन दुकानाच्या गल्ल्याशेजारीच होता आणि फोनशेजारी माणिकचंद शेठ होते. “डिंगोऱ्याचा आहे,” म्हणून त्यांनी रिसीव्हर जिनेशच्या हातात दिला आणि पंचांग उघडून असे बसले की बघणाऱ्याला वाटावं वाचतायत. कान मात्र इकडेच!

“जिनेशशेठ, माज्या वाट्यात कुनाचं तरी सामान पडलंय वो!”

जिनेशला वाटलं, पडद्यावर आलेल्या दोन-चार चिन्हांचं म्हणतायत. आणि बाप ऐकत होता. त्याने आवाज चढवला, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा.

“अहो, त्यात घाबरायचं काय! जे आपलं नाही ते उचलायचं आणि बाजूला ठेवायचं! साधी गोष्ट आहे!”

“बाजूला म्हंजी कुठं?”

“ज्याचं असेल त्याच्याकडे! बिनधास्त!”

रिसीव्हर ठेवून त्याने वडिलांकडे पाहिलं. “असे प्रॉब्लेम मी फोनवरच सोडवतो.” माणिकचंद शेठांनी पंचांगाचं पान उलटलं.

तिकडे सावळेराम कामाला लागले. माणूस सरळ. दुसऱ्याची वस्तू फेकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सामान आपलं नाही, आईचं असणं शक्य नाही, म्हणजे दादांचं. मग दादांच्या वाट्यात नीट नेऊन ठेवायचं! त्यांनी एकेक पेटी माऊसने धरली आणि बांधापलीकडे डी मध्ये न्यायला सुरुवात केली. कॉम्प्युटर बिचारा जीव तोडून सांगत होता. मधेच चौकट यायची, इंग्रजीत विचारायची, नक्की का? सावळेराम दहावी पास असल्यामुळे त्यांना ‘शुअर’ शब्दाचा अर्थ येत होता. “व्हय व्हय, शुअर!” म्हणून ते होकार दाबत गेले. काही पेट्या जागच्या हलेनात. त्या त्यांनी उघडून आतलं जेवढं निघालं तेवढं मुठीमुठीने नेलं.

दुपारी कुंडलिकभाऊ ओसरीवर आले. सहज डी उघडला, आणि बघतात तर आपल्या लख्ख वाट्यात उकिरडा! आणि हे करणार कोण? वाट्यावर रोज फेरी मारणारा एकच माणूस होता.

“सावळ्या! तुजा कचरा माज्या रानात टाकतोस व्हय रं?”

“कचरा? दादा, तुमचंच सामान हाय ते! माज्या वाट्यात घुसवलं व्हतं, मी गुमान नेऊन दिलं!”

“मी घुसवलं?”

“मंग काय आईनं घुसवलं?”

कुंडलिकभाऊंनी रागाच्या भरात हाताला लागेल तेवढं उचललं आणि परत सी मध्ये टाकलं. सावळेरामांनी ते पुन्हा डी मध्ये नेलं. माऊस एकच होता, तो दोघांनी धरला! वायर ताणली गेली, ठकूबाई आतून ओरडत आल्या, आणि तेवढ्यात रोजच्या भारनियमनाची वेळ झाली. लाईट गेली.

चार तासांनी लाईट आली. कॉम्प्युटर आला नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात इंग्रजीची एक ओळ उमटली आणि तिच्यापुढे काही म्हणजे काही हलेना.

त्या रात्री आठ वर्षांत पहिल्यांदा दोन्ही घरांमधली खिडकी लावून घेतली गेली.

---

बाजाराचा दिवस. दुकान गच्च भरलेलं. जिनेश इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा होता. आणि ते आले!

पुढे कुंडलिकभाऊ, हातात कॉम्प्युटरचा पडदा. मागे दहा पावलं सोडून सावळेराम, खांद्यावर खोकं. दोघांच्या मधोमध ठकूबाई, छातीशी टॉवेलात गुंडाळलेला कीबोर्ड. एकट्याच्या हाती सगळं द्यायला दोघांपैकी कोणी तयार नव्हतं, म्हणून अख्खा कॉम्प्युटर असा मिरवणुकीने आला होता. त्यांच्यामागे “काय झालं, काय झालं” करत डिंगोऱ्याची पाच-पंचवीस माणसं.

“आई, त्याला सांग, जरा सरक म्हनावं,” कुंडलिकभाऊ म्हणाले.

“आई, त्यांना सांग, मी माज्या जागेत हाय,” सावळेराम म्हणाले.

गादीवरून माणिकचंद शेठांनी प्रसन्नपणे विचारलं, “या कुंडलिकभाऊ! काही सांगायचं होतं म्हणे?”

“व्हय शेठ, लई सांगायचंय...” पडदा काउंटरवर टेकवत कुंडलिकभाऊ म्हणाले.

“चहा!” जिनेश मधेच किंचाळला. “आधी चहा! उन्हातून आलेत!” आणि त्याने कुंडलिकभाऊंना दंडाला धरून परकरांच्या ढिगाऱ्याआड ओढलं. तेवढ्यात सावळेराम गादीकडे निघाले. जिनेशने कुंडलिकभाऊंना सोडून त्यांना धरलं आणि टॉवेलांच्या कपाटामागे नेलं. तोवर इकडून कुंडलिकभाऊ निघाले! पाच मिनिटं जिनेश दुकानात दोन वासरं आवरावीत तसा धावत होता. शेवटी धाप लागून तो मधेच उभा राहिला आणि दोघे भाऊ दोन बाजूंनी गादीशी पोचले.

“शेठ, ह्यानं माज्या रानात...”

“शेठ, त्यांनीच आधी माज्या वाट्यात...”

“कसलं रान? कोणता वाटा?” माणिकचंद शेठ गोंधळले. “मी तर कॉम्प्युटरचं विचारलं!”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वाटे, बांध, पिवळ्या पेट्या, फोन. ‘जे आपलं नाही ते उचलायचं’ हे वाक्य सावळेरामांनी जसंच्या तसं, जिनेशच्याच आवाजात म्हणून दाखवलं. दुकान हसलं. माणिकचंद शेठ हसले नाहीत. त्यांनी जिन्याखालच्या टेबलाकडे पाहिलं आणि मग वर माळ्याकडे.

जिनेशला टेबलाचं वाईट वाटलंच. पण त्याहून वाईट त्याला ते दोघे एकमेकांकडे पाठ करून उभे असलेले पाहून वाटलं. आठ वर्षं ज्यांचं उदाहरण दिलं जायचं, ती माणसं त्याच्या एका उदाहरणाने बोलेनाशी झाली होती! त्याने घसा खाकरला.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असावं, कारण गुलाबबाई आतल्या दारातून पुढे येऊन बघायला लागल्या. “ते सामान कुंडलिकभाऊंचं नव्हतं. सावळेरामभाऊंचंही नव्हतं. ते कॉम्प्युटरचं स्वतःचं होतं. सी मध्ये सिस्टिमच्या फाईल्स असतात, त्यावरून सगळा कॉम्प्युटर बूट होतो, आणि...”

कोणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. ठकूबाई मात्र पुढे आल्या. कीबोर्ड त्यांनी काउंटरवर ठेवला.

“लेकरा, थांब. मला इतकंच सांग. ते सामान नसलं तर माज्या वाट्याचं काम चालंल?”

“नाही.”

“ह्याच्या?”

“नाही. कोणाचंच नाही.”

“म्हंजी समद्यांचं त्याच्यावर चालतं.”

“हो!”

“आरं, मंग ती इहीर हाय की!” ठकूबाईंनी कपाळावर हात मारला. “इहीर कधी कुनाच्या वाट्यात घालत्यात व्हय? इहीर सामाईक! कागदावर लिवलंय आमच्या. मोटर एक, पाळी दोगांची, आन् तिच्यातला दगूड बी कुनी येकट्यानं हलवायचा न्हाई. तू आमाला रान सांगितलंस, बांध सांगितलास. इहीर सांगितलीच न्हाई की रं!”

तीन महिन्यांचा कोर्स, आणि हे एक वाक्य!

सावळेरामांनी खांद्यावरचं खोकं खाली ठेवलं. इतका वेळ ते खांद्यावरच होतं. “दादा,” ते खाली बघत म्हणाले, “म्हंजी मी इहीर उचलून तुमच्या वावरात टाकली.”

“आन् मी माघारी फेकली,” कुंडलिकभाऊ म्हणाले. मिशीवरून हात फिरला, आणि त्या हाताखाली हसू लपेना. “निम्मी ह्या बाजूला, निम्मी त्या बाजूला. पानी कुठून येनार!”

दोघे असे हसले की मागची डिंगोऱ्याची मंडळीही हसायला लागली. ठकूबाईंनी तिथल्या तिथे निवाडा केला. सी, म्हणजे विहीर, सामाईक. तिच्यात उतरायचं नाही. डी थोरल्याचा. ई धाकट्याचा.

“आन् आई, तुजा वाटा?” सावळेराम म्हणाले.

“मला कशाला रं? मी हाये की पाळीनं दोगांकडं जेवाया.”

जिनेशने तिथेच टेबलावर कॉम्प्युटर जोडला. सी पुसला, नवं विंडोज चढवायला घेतलं. या वेळी त्याने एकही उदाहरण दिलं नाही! पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती, एकोणचाळीस मिनिटं शिल्लक म्हणत होती, आणि डिंगोऱ्याची सगळी माणसं, बाया-बापे, ती बघत दुकानात बसून राहिली होती. बसल्या बसल्या बायकांचा हात साड्यांवर गेला. “ही दाव रं बाबा जरा.” पट्टी सरकेपर्यंत जिनेशला दुसरं काम नव्हतं आणि दुकानातला नोकर जेवायला गेला होता. जिनेशने साडी उलगडली. मग मोरपंखी उलगडली. मग मगाचीच बरी निघाली.

विंडोज चालू झालं. जिनेशने सी ला इंग्रजी अक्षरांत ‘विहीर’ असं नाव दिलं, आणि डी आणि ई ला भावांची नावं. कुंडलिकभाऊ उठले, गादीशी आले आणि आपणहून म्हणाले, “शेठ, काम चांगलं केलं पोरानं. दोनदा केलं, पन चांगलं केलं!”

जिनेशने दोन्ही हात वर केले. टेबल वाचलं!

माणिकचंद शेठ मात्र साड्या खपून रिकाम्या झालेल्या कपाटाकडे बघत होते आणि मनात काहीतरी जुळवत होते. संध्याकाळी दुकान आवरल्यावर ते खडू घेऊन उठले.

“जिनू, ती ठकूबाईंची रीत मला फार आवडली. आपणही तसंच करू. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने उचलायचे.” त्यांनी दुकानाच्या फरशीवर मधोमध सरळ रेघ मारली. “पुढचा एक, मागचा एक. जो घेशील तिथं तुझं टेबल. मी मधे पडणार नाही. उचल.”

जिनेशला कानांवर विश्वास बसेना. अर्धं दुकान! मागचा वाटा अंधारा, पुढचा पेठेच्या रस्त्याला लागून. त्याने क्षणाचाही विचार केला नाही.

“पुढचा!”

“बघ हं. नक्की?”

“शुअर!” जिनेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मोठ्या थाटात टेबल दारालगत मांडलं, पाटी ठोकली आणि खुर्चीवर बसला. मग सहज मान वळवून पाहिलं. डावीकडे साड्यांची तिन्ही कपाटं. उजवीकडे परकरांचा ढिगारा. आणि दार एकच, तेही त्याच्याच वाट्यात. मढच्या तीन बायका त्याच दारातून आत आल्या, समोर दिसला त्याला म्हणाल्या, “भाऊ, लुगडी दावा,” आणि त्याच्या टेबलावर पिशव्या ठेवून बसल्या.

“पप्पा!” जिनेश ओरडला. “हे सगळं तुमचं सामान माझ्या वाट्यात आहे!”

माणिकचंद शेठांनी मागच्या वाट्यातून, गादीवरून, पंचांगातून डोकं वर न काढता सांगितलं, “असू दे बेटा, हलवू नकोस. दुकान बंद पडेल.”

जिनेशने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा बायकांकडे. मग मुकाट्याने उठला आणि मोरपंखी शोधायला लागला.